जनाबाईचा संध्याकाळचा ताप

किन्हवलीची जनाबाई शहापूरजवळच्या एका खाजगी कत्तलखान्यात बारा वर्षं बकऱ्यांची वजडी साफ करत होती. आतडी, कोथळा, शेळी गाभण निघाली तर तिची पिशवी, सगळं तिच्या हातांखालून जायचं. हात उघडेच. रबरी मोजे मिळाले होते, पण ते घातले की सुरी सटकायची. तिने ते खुंटीला लावून टाकले.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप येऊ लागला. संध्याकाळी अंग फणफणायचं, सकाळी घामाने भिजून उठली की ताप गायब. एका डॉक्टरने मलेरिया सांगितला, दुसऱ्याने टायफॉइड. कंबर धरली तेव्हा तिसरा म्हणाला, वय झालं. शेजारीण म्हणाली, बाहेरचं असेल. सकाळी जनाबाईलाच वाटायचं, आपण उगाच पडून राहतो की काय.

शेवटी सून योगिनी तिला ठाण्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मावशी, काम काय करता?” हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. रक्ताच्या तपासणीत ब्रुसेला नावाचा जंतू निघाला.

“जनावरांचा आजार आहे. हाताच्या चिरेतून शिरतो. गाभण शेळीच्या पिशवीत जास्त असतो.”

“पण शेळ्या तर धडधाकट व्हत्या. आन् मटण सगळा गाव खातो, मलाच कसा झाला?”

“नीट शिजलं की जंतू मरतो. तुमचा हात कच्च्या मांसात असतो. आणि शेळी नुसती बघून कळत नाही.”

तिला अर्धंच कळलं. डॉक्टरीणबाईंनी सहा आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात ताप थांबला तशी ती गोळ्या सोडायला निघाली. योगिनीने पूर्ण सहा आठवडे घ्यायला लावल्या.

कामावर परतल्यावर मुकादम मनोज म्हणाला, “मोजे दिले होते ना?”

“दिले व्हते. घालून सुरी धरता नाय येत.”

त्याने तिचा हात बघितला, मोजा बघितला. मोजा पुरुषाच्या मापाचा होता. इतक्या वर्षांत दोघांनाही ते सुचलं नव्हतं. त्याने लहान मापाचे, खरखरीत तळव्याचे मोजे मागवले आणि गाभण शेळ्या कापायच्या नाहीत असं ठरवलं.

तरी प्रत्येक शेळीपाशी तिचा हात थबकतो. “हिला असंल का रे?” तिने एकदा खाटीक हनुमानला विचारलं.

“काय ठाव. मलाबी अधूनमधून ताप येतो, जातो.”

दुसऱ्या दिवशी ती त्याला रक्त तपासायला घेऊन गेली. रिपोर्ट अजून यायचा आहे.