मालधक्क्याचं कुंपण

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेलं वर्षभर कोणी जेवलेलं नाही. तिथे मालधक्का आहे. हातभर रुळांवर बोटाएवढं इंजिन, मालडबे, दोन गोदामं, वजनकाटा. आणि आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासरे, मांडीवर ताट घेऊन बसतो. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे बारीक कामाला हात सरावलेला. डोकं कशाला सरावलंय ते देव जाणे.

इंजिन आणि डबे त्याने विकत आणले. कुंपण मात्र स्वतःच करायचं, हा हट्ट. "गाडी काय, कोणीही आणेल. कुंपण चुकलं की सगळं खेळणं वाटतं," असं मला ऐकवायचा. रस्त्याच्या बाजूला विटांची भिंत, काट्याजवळ तारेची जाळी, मागच्या गल्लीकडे उभ्या फळ्यांची रांग. जाळीपायी माझी चहाची गाळणी गेली. फळ्या म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या, उभ्या चिरून चहाच्या पाण्यात भिजवलेल्या, जुनाट दिसाव्यात म्हणून. गंजासाठी विटेची पूड. ट्रक वळताना घासायचा तो कोपऱ्यातला खांब मुद्दाम तिरका.

मी म्हटलं, "अरे, आपल्या फाटकाची कडी कधीची तुटलीय, तिच्याकडेही बघ जरा."

"अगं, ती काय, खरी कडी आहे. कधीही होईल!"

मी हात टेकले.

पण एवढा खटाटोप कशासाठी ते मला ठाऊक होतं. माझे सासरे जन्मभर मालधक्क्यावर रखवालदार होते. तो धक्का पाडून आता तिथे इमारती झाल्यात. तेव्हा मुलांना धक्क्यात जायला सक्त मनाई होती, पोटच्या पोरालाही. त्यामुळे नवऱ्याला कुंपण बाहेरून फळीन् फळी पाठ, आतलं सगळं अंदाजपंचे. आणि बाबा म्हणजे तोंडातून चांगला शब्द काढताना खिशातून काही जातंय असं वागणारे. दुनियेने टाकून दिलेलं घड्याळ पोरगा चालू करायचा, तर हे म्हणायचे, "हं, चालतंय." त्याला एकदा, फक्त एकदा, त्यांच्याकडून शाब्बास ऐकायचं होतं.

काम पुरं होईपर्यंत टेबलावर चादर असायची. बघायचं नाही म्हटल्यावर बाबांनी तिला बोटही लावलं नाही. हाडाचे रखवालदार!

परवा सकाळी चादर काढली. बाबा चष्मा पुसून टेबलाभोवती फिरू लागले. भिंतीपाशी "हं." जाळीपाशी "हं." तिरक्या खांबापाशी चक्क हसले. माझ्या जिवात जीव आला. मग ते मागच्या बाजूला गेले आणि थांबले.

"हे माझं कुंपण नाही."

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला असा राग आला म्हणता! टेबल माझं गेलं, गाळणी माझी गेली.

"बाबा, काय चुकलंय ते तरी सांगा," मी म्हटलं.

"एकही फळी सुटलेली नाही."

"तुमच्या पहाऱ्यात फळी कशी सुटेल?" नवरा म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि ते तो खोटं बोलला की होतात.

बाबांनी नखाने एका फळीचं खालचं टोक अलगद सोडवलं. फळी वरच्या टोकावर तिरकी झाली, बारीक फट पडली.

"साहेब तपासणीला यायचे तेव्हा मी ही ठोकायचो. साहेब गेले की खालचा खिळा पुन्हा काढायचो. नाहीतर तू बघणार कुठून?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! रोज फटीत एक डोळा दिसायचा. घरचा डोळा ओळखू येत नाही होय?"

"फट दाखवली तर वाटेल, मी तुमच्या कामात खोट काढतोय," नवरा कसाबसा म्हणाला, "म्हणून सगळ्या फळ्या नीट लावल्या."

बाबा गल्लीच्या बाजूने खाली वाकले आणि त्यांनी फटीला डोळा लावला. सगळी नोकरी आत काढलेली. इथून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"इथून काय दिसायचं रे तुला?"

"इंजिन," नवरा म्हणाला. "आणि तुम्ही."

शाब्बास काही ते म्हणाले नाहीत. पण बराच वेळ तसेच वाकून राहिले. गुडघे आखडले होते, असं नंतर सांगितलं.