मधल्या सुट्टीत पाजायची मुलं

लढाई चालू होती तेव्हाचं सांगते. आष्ट्याहून लग्न होऊन मी आले ती सांगलीजवळच्या एका छोट्या संस्थानात, गिरणीच्या चाळीत. कांडी खात्यात आम्ही बायका सुताच्या कांड्या भरायचो. खात्यावर देखरेख करणारे जॉबर म्हणजे माझे सासरेच. नऊ तास काम आणि दुपारी तासाची सुट्टी, असा संस्थानाचा नियम होता. त्या सुट्टीत नणंद माझ्या तान्ह्या मुलीला फाटकाशी घेऊन यायची. आणखी तिघीजणी आपापली पोरं तिथंच पाजायच्या.

लढाईमुळे कापडाला मागणी वाढली, तसा मालकांनी हा नियम काढून टाकायला अर्ज केला. कामगारांचं म्हणणं ऐकायला दरबारचे साहेब येणार होते. बायकांनी आदल्या दिवशी ठरवलं, मी चौथी शिकलेली, तेव्हा मीच बोलायचं.

साहेब आले. शेजारी सासरे उभे.

"बायकांची काही हरकत?"

सासऱ्यांसमोर मी घरातसुद्धा कधी तोंड उघडलं नव्हतं. त्यांचा तांब्या उंबऱ्याशी ठेवून मागं सरायचं, एवढीच रीत. मी पदर पुढे ओढला. शेजारच्या मावशीनं कोपर मारलं.

"बोल की गं! काल तर लय चुरूचुरू बोलत व्हतीस."

मी खालीच बघत राहिले.

"न्हाई साहेब," सासरे म्हणाले, "बायकांची कशाला हरकत आसंल?"

नियम गेला. तास वाढले, सुट्टी भाकरी खाण्यापुरती उरली आणि फाटक दिवसभर बंद. पहिल्याच दुपारी माझी चोळी दुधानं भिजली. पदर आवळला तरी ओल दिसतच होती. सासरे फेरी मारत आले. त्यांना दिसलं. तोंड फिरवून ते मावशीला म्हणाले, "सूनबाईला म्हनावं, घरला जाऊन पाजून ये."

"आन् ह्या तिघी वो? ह्यांच्या पोरांनी काय वारा प्यावा?"

सासरे पुढच्या रांगेकडे गेले.

मी उठले. एकीनं पाय आखडून मला वाट दिली. तिचीही चोळी ओलीच होती. माझी मुलगी उपाशी होती, म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी कुणी सांगायची वाटही पाहिली नाही. मुलगी भात खायला लागेपर्यंत रोज गेले, आणि जाताना कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.