खात्रीचा फोन

शंभुलिंग कलशेट्टीबद्दल लिहायचं तर मेलेल्या माणसांपासून सुरुवात करावी लागते. आमच्या पेपरच्या धाराशिव कार्यालयात तो चौदा वर्षं ग्राफिक्स करायचा आणि मी शेजारच्या टेबलावर बातम्या तासायचो. जिल्ह्याच्या आठ तालुक्यांचा नकाशा तो डोळे झाकून काढायचा. पावसाचे आकडे आले की त्यात निळा रंग भरायचा. धरणातलं पाणी दाखवायला पेला काढायचा आणि मार्चपासून तो पेला रोज थोडा थोडा रिकामा करत आणायचा. पण हे सगळं शोभेचं काम. जिल्ह्याचा पेपर चालतो तो वाढदिवसांवर आणि श्रद्धांजल्यांवर. रोज पाच-सहा फोटो यायचे, बहुतेक कुणाच्या तरी लग्नातले. शंभू त्यातून शेजारची करवली, मागचा मंडप, खांद्यावरचा परका हात कापून काढायचा. फोटो कृष्णधवल करायचा, भोवती जाड काळी चौकट, खाली तारीख. वाचता न येणाऱ्या माणसालाही लांबून कळायचं की हा गेला.

आणि मग तो फोन करायचा. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एकाने भाऊबंदकीच्या रागात आपल्या जिवंत चुलतभावाची श्रद्धांजली छापायला दिली होती आणि ती छापून आली होती. दुसऱ्या दिवशी तो चुलतभाऊ कार्यालयात येऊन शंभूसमोर खुर्ची ओढून बसला, तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. तेव्हापासून प्रत्येक जाहिरात छापायच्या आधी शंभू स्वतः त्या घरी फोन लावायचा. वाक्य ठरलेलं होतं: "राग मानू नका, एकदा खात्री करतो. बातमी खरी आहे ना?" ज्या घरात रडारड चालू आहे तिथं हा प्रश्न. लोक शिव्या द्यायचे. तो ऐकून घ्यायचा, 'बरं' म्हणायचा आणि जाहिरात पानाला लावायचा. आम्ही त्याला चिडवायचो, "काय शंभू, लागला का वर फोन?" आता वाटतं, आम्हाला हसायला दुसरं काही सापडायला हवं होतं.

लॉकडाऊनमध्ये कार्यालयाला कुलूप लागलं ते उघडलं नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. शंभू उमरग्याला आपल्या घरी परतला. बायको शिवप्रिया शाळेत शिकवत होती म्हणून चूल पेटत होती. तीन वर्षं त्याने इंटरनेटवर व्हिडिओ बघून बघून नवं काम शिकून घेतलं आणि बेचाळिसाव्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीत घरबसल्या लागला, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर राम राम. हुद्दा प्रॉडक्ट डिझायनर. म्हणजे काय, असं त्याच्या वडिलांनी, महालिंगप्पांनी विचारलं.

"फोनवर कुठलं बटण कुठं ठेवायचं ते ठरवायचं," शंभू म्हणाला.

"आन् त्येला मानूस लागतो व्हय?" महालिंगप्पा म्हणाले.

त्याची वरिष्ठ होती वर्षाराणी, मूळची भूम तालुक्यातल्या ईटची, वय तीस. कंपनीत सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे. शंभूच्या तोंडून काही ते निघेना, तो तिला मॅडमच म्हणायचा. पेपरात रिकामी जागा म्हणजे गुन्हा. त्यामुळे शंभूच्या पहिल्या स्क्रीनवर दर, हवामान, फोटो, तक्ता, सगळं कोंबून भरलेलं असायचं. वर्षाराणी शांतपणे एकेक गोष्ट पुसायची आणि म्हणायची, "शंभुलिंग, हे पेपर नाहीये." बाण काढला, हे पेपर नाहीये. मथळा मोठा केला, हे पेपर नाहीये. ती वाईट नव्हती आणि तिचं चूकही नव्हतं. पण चौदा वर्षांचं काम कुणी रोज तासाभराला केराच्या टोपलीत टाकायला लागलं की माणूस हळूहळू गप्प बसायला शिकतो. शंभू शिकला.

पाचव्या महिन्यात एका खासगी डेअरीचं ॲप आलं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रावरच्या कारकुनासाठी. केंद्रावर दूध घालणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि फोटो. ज्याचं दूध तीस दिवस आलं नाही तो यादीत वेगळा दिसला पाहिजे, एवढीच मागणी. ती स्क्रीन पुण्यातल्या एका मुलाने केली. दूध बंद झालं की फोटो कृष्णधवल होणार, भोवती गडद काळी चौकट, खाली शेवटच्या दुधाची तारीख, कोपऱ्यात शोभेला झाडाचं एक छोटं पान. सगळ्यांनी वाहवा केली. शंभूने ती स्क्रीन उघडली. असल्या हजारो चौकटी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. त्याने शेजारी शेरा लिहिला, 'ही श्रद्धांजली दिसते.' मग तो शेरा वाचत बसला. वर्षाराणी काय म्हणेल ते त्याला आधीच ऐकू आलं. कायम होण्याचं पत्र पुढच्या महिनाअखेरीस मिळणार होतं. त्याने शेरा पुसला आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

केंद्रांच्या जुन्या नोंदी भरून ॲप सुरू झालं आणि दुसऱ्याच रविवारी येणेगूरला घोळ झाला. नळदुर्ग ते उमरगा रस्त्यावरचं हे गाव. केंद्रावरच्या कारकुनाने बंद खात्याचा एक फोटो मोबाइलवर टिपला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्याला विचारायचं होतं, यांचं दूध का बंद आहे. लिहायचं मात्र राहून गेलं, कारण तेवढ्यात दुधाची गाडी आली. ग्रुपवर दिसला तो केंद्रावर दूध घालणाऱ्या गौराबाईंचा कृष्णधवल फोटो, काळी चौकट आणि तारीख. पहिल्याने लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. आपल्याकडे ग्रुपवर एकाने हात जोडले की बाकीचे वाचत नाहीत, हात जोडतात. तासाभरात पंच्याऐंशी लोकांनी जोडले. त्यात गौराबाईंच्या गल्लीतले नऊ होते. आणि कुणीतरी तो फोटो बसवकल्याणला, त्यांचे थोरले भाऊ गुरुसिद्धप्पा यांच्याकडे धाडला.

गौराबाईंची गाय आटली होती, एवढंच खरं होतं. त्या शेतात होत्या, फोन घरात चार्जिंगला. गुरुसिद्धप्पांनी पाचदा लावला, कुणी उचलला नाही. ते जीप करून हार, विभूती आणि घरची चार माणसं घेऊन निघाले. संध्याकाळी गौराबाई डोक्यावर कडब्याची पेंडी घेऊन घराकडे वळल्या आणि समोर भावाला बघून हसल्या. सत्तरीचे गुरुसिद्धप्पा हारासकट रस्त्यावर खाली बसले ते त्यांना उठता येईना. उमरग्याच्या दवाखान्यात त्यांना दोन दिवस ठेवावं लागलं.

सोमवारी कंपनीची ऑनलाइन बैठक झाली. "हे आपल्यापैकी कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" वर्षाराणीने विचारलं. अकरा जण गप्प. शंभूही गप्प. हे दुसऱ्यांदा. मग असं ठरलं की शंभू सगळ्यांत जवळ राहतो, तर त्याने येणेगूरला जाऊन कंपनीतर्फे माफी मागून यावी.

तो गेला. गौराबाई दारात बसून तुरी पाखडत होत्या. पासष्टीच्या, कपाळावर विभूती, आवाज मोठा. शंभूने आपण ॲपवाले असं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"माझं काय जात न्हाय रं बाबा," त्या म्हणाल्या. "मला काय, आज न्हाय तर उद्या. पर माझा भाऊ मरत व्हता. त्येला काय झालं असतं तर तुमचं त्ये ॲप भरून देनार व्हतं का?"

शंभू म्हणाला, "चुकलं, अव्वा."

"आमचं मालक गेलं तवा पेपरातनं फोन आल्ता," गौराबाई म्हणाल्या. "म्हन्ला, राग मानू नका, खात्री करतो, खरं हाय का. मी लई शिव्या दिल्या त्येला. म्हन्लं, माझा मानूस हितं भिताडाला टेकवून बसवलाय, गळ्यात हार हाय, आन् तू मला खरं का इचारतोस?" लिंगायतांमध्ये गेलेल्या माणसाला बसवतात. शंभूला ते सांगायची गरज नव्हती, त्याची आई तशीच बसवलेली त्याने पाहिली होती. "पर परवा रातभर मला त्योच फोन आठवला. त्येनं निदान इचारलं तरी. मी मेले म्हनून गाव हात जोडतंय, आन् एकानं बी दाराची कडी वाजवून बघितली न्हाय."

नंतर मी त्याला विचारलं, तुला ती बाई आठवली का? तो म्हणाला, "बाई नाही आठवली. शिव्या आठवल्या." आपणच तो फोन केला होता, हे मात्र तिथं त्याच्या तोंडून बाहेर पडलं नाही. लाज वाटली, असं तो म्हणाला. मला ते पटतं. फोन करणारा शंभू आणि शेरा पुसणारा शंभू, दोघं एकदम त्या बाईसमोर उभे कसे राहणार?

परतताना हायवेवरच्या एका ढाब्यापाशी त्याने गाडी थांबवली आणि वर्षाराणीला फोन लावला. "मॅडम, मला ते दिसलं होतं. मी लिहिलं होतं, मग पुसलं."

ट्रक जात होते. मग पुण्याची वर्षाराणी बाजूला झाली आणि ईटची बोलली, "दिसलं व्हतं, मग बोलला का न्हाय तुम्ही?"

"तुम्ही म्हणाला असता, हे पेपर नाही."

"व्हय," ती म्हणाली. "म्हन्ले असते."

महिनाअखेरीला कायम होण्याचं पत्र आलं नाही. मुदत तीन महिन्यांनी वाढवली, आणि ती चुकीबद्दल नव्हे, न बोलण्याबद्दल, असं वर्षाराणीने स्वच्छ लिहिलं. शंभूने ते मला कुरकुर न करता वाचून दाखवलं. त्याला ते योग्य वाटत होतं, मलाही. शेवटी ती स्क्रीन नव्याने करायचं काम तिने त्यालाच दिलं.

त्याने फोटो होता तसा रंगीत ठेवला. चौकट काढली, पान काढलं, तारीख काढली. तीस दिवस दूध आलं नाही तर कारकुनाला आता एक जवळजवळ कोरी स्क्रीन दिसते. वर नाव, खाली एकच मोठं बटण: फोन करा. फोन लावून पलीकडच्या माणसाचं उत्तर लिहिल्याशिवाय कुणाचंही खातं बंद होत नाही. वर्षाराणीने पुसायला काही शोधलं, सापडलं नाही.

पत्र पुढं यथावकाश आलं. ते त्याने मला कळवलं, पण बोलण्याच्या ओघात, शेवटी शेवटी. आधी सांगितलं ते बटण तपासून बघायला केलेल्या पहिल्या फोनबद्दल. गौराबाईंची गाय अजून आटलेलीच होती, म्हणून त्याने यादीतलं त्यांचंच नाव घेतलं आणि बटण दाबलं. पलीकडून मोठ्ठा 'हालो' आला. शंभूच्या तोंडून सवयीने जुनंच वाक्य गेलं.

"राग मानू नका, एकदा खात्री करतो."

समोर बसून तासभर बोलताना ज्याला ओळखलं नव्हतं, त्याला त्यांनी त्या एका वाक्यावर ओळखलं.

"त्यो तूच का रं?" गौराबाई म्हणाल्या. "मालकाच्या टायमाचा?"

"व्हय, अव्वा."

"लई शिव्या दिल्त्या म्या तुला."

"चालतंय."

समोरच्या कोऱ्या चौकोनात उत्तर लिहायचंय, असं शंभूने त्यांना सांगितलं.

"मग लिही," गौराबाई म्हणाल्या. "गाय आटलीया. मी हाय."