खाटेवरून दिसतं तेवढं

कुणाच्याही घरी गेले की ते आधी खाटेवर आडवे व्हायचे. चपला दाराशी, चष्मा कपाळावर आणि पाहुणा थेट अंथरुणावर. मग एक डोळा मिटून खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "उभ्या माणसाचं काय, तो मान वळवतो. लेटलेल्यानं कुठे बघायचं?" घरातली माणसं घाबरून माझ्याकडे बघायची. मी सांगायचो, "सर्व्हेवाले आहेत." तेवढ्यावर बहुतेक घरं गप्प बसायची.

मी त्यांना दादा म्हणायचो. उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात ते माझे सीनियर. कुठे मोठं बांधकाम होणार असलं की ते उभं राहिल्यावर आसपासच्या लोकांना काय दिसेल, याचा अहवाल आम्ही करायचो. कारखाना असला तर त्याच्या धुराड्याच्या उंचीवर दोरीनं एक मोठा लाल फुगा सोडायचा आणि तो जिथून दिसतो तिथून फोटो काढायचे. तुम्ही म्हणाल, असंही काम असतं? असतं. आणि ते अंग चोरूनही करता येतं. झाडाआडून चार फोटो, देवास गेटवर पोहे, आणि "विशेष परिणाम नाही" लिहून मोकळं. दादांनी अर्धी नोकरी अशीच काढली होती.

मग त्यांच्या समोरच्या सेठनं आपल्या घरावर मजला चढवला.

वहिनी तेव्हा लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या. तुम्हा पुण्याकडच्यांना वाटेल, देवळात गेलं म्हणजे दर्शन. आमच्या उज्जैनला नुसतं शिखर दिसलं तरी दर्शन होतं. वहिनींच्या खाटेवरून ते दूरवर, बोटाच्या पेराएवढं दिसायचं आणि त्यांचा दिवस तिथून सुरू व्हायचा. मजला चढल्यावरही एका कोपऱ्यातून ते थोडं दिसत होतं. नेमक्या त्याच कोपऱ्यात सेठ पाण्याची टाकी बसवायला निघाला. दादा हात जोडून गेले. टाकी जरा पलीकडे सरकवा, खर्च मी देतो, म्हणाले. सेठ पान चघळत म्हणाला, "भाईसाब, नज़ारे की भी रजिस्ट्री करवा रखी है क्या?"

टाकी बसली. काळी, गलेलठ्ठ. खोली इतकी अरुंद की खाट दुसरीकडे फिरवता येत नव्हती. वहिनी टाकीकडे तोंड करूनच गेल्या.

त्यानंतर दादांनी सेठचं नाव कधी घेतलं नाही, 'टाकीवाला' म्हणायचे. वहिनींच्या खाटेवर स्वतः झोपायला लागले. मुलानं खिडकीला पडदा लावला, तो त्यांनी काढून टाकला. "राहू दे उघडी. नाहीतर राग शिळा होतो."

आणि एक दिवस ऑफिसात वीज प्रकल्पाचं काम आलं. शहराबाहेर, एका गावाला लागून. जमीन बहुतेक सगळी टाकीवाल्याची. प्रकल्प झाला असता तर त्याचं ते खडकाळ माळरान सोन्याच्या भावानं गेलं असतं. दादांना हे टावर चौकात चहा पिताना कळलं. त्यांनी कप खाली ठेवला. इतका खुललेला चेहरा वहिनी गेल्यापासून मी पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली.

"दादा, खोटं काही लिहू नका हं."

"खोटं कशाला? सगळं खरंच लिहिणार. या खेपेला एक झाड मध्ये येऊ देणार नाही."

नियमाप्रमाणे फोटो उभ्या माणसाच्या नजरेतून काढायचे असतात. दादांनी तेही काढले आणि वर गावातली प्रत्येक आजारी खाट धुंडाळली. बाळंतिणीला उठवून तिच्या जागी आडवे झाले. सासूनं झाडू उचलला तरी हलले नाहीत. एका म्हातारीनं मात्र "थक गया बेटा? सो जा थोड़ा," म्हणत त्यांच्या अंगावर आपली गोधडी घातली. तिथला फोटो त्यांना दोनदा काढावा लागला. पहिला हलला होता. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी बाहेर जाऊन फुगा बघत उभा राहिलो.

जनसुनावणीला सेठ पुढच्या रांगेत होता. दादांनी खाटेवरचे फोटो एकेक दाखवले. प्रत्येक खिडकीत तोच लाल फुगा. सेठ उठून म्हणाला, "इतनी दूर की चिमनी, कौन देखता है?"

दादा याच क्षणाची वाट बघत होते. शांतपणे म्हणाले, "सेठजी, नज़ारे की रजिस्ट्री नहीं होती. सुनवाई होती है. बैठिए."

मग गावातल्या बायका बोलायला उठल्या आणि बसेचनात. प्रकल्प दुसरीकडे गेला. दादांनी ऑफिसात जिलबी वाटली. "खा रे. दुश्मनाचं तेरावं आहे." मीही मिटक्या मारत खाल्ली. आमच्या मालकांनी महिनाभरात त्यांना घरी बसवलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना वाटत होतं ते एकच, की टाकी अजून जिथल्या तिथे आहे.

गेल्या थंडीत दादा गेले. त्याच खाटेवर, त्याच खिडकीकडे बघत. तिसऱ्या दिवशी सेठ भेटायला आला. आता तोही थकलाय, गुडघे गेलेत, काठी लागते. खोलीत दुसरीकडे बसायला जागा नव्हती, म्हणून खाटेवर टेकला, खिडकीकडे पाठ करून. "बड़े ज़िद्दी थे," म्हणाला.

मी म्हणालो, "सेठजी, उनकी एक आदत थी. ज़रा लेटकर देखिए."

त्याला गंमत वाटली. हसत हसत आडवा झाला, मान खिडकीकडे वळवली आणि त्याचं हसू थांबलं. खिडकीभर त्याचीच टाकी होती.

उठायला त्यानं माझ्याकडे हात पुढे केला. गुडघ्यांमुळे त्याला एकट्याला उठता येत नव्हतं, हे मला दिसत होतं. मी हात दिला नाही. म्हटलं, बघू दे जरा.