किल्ली देण्याआधी

मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का उस्मानपुऱ्यातल्या एका मोटारसायकलच्या दुकानात बसला, तोही नव्या गाडीवर बसलेलो असताना, आणि गाडी तर अजून जागची हललीसुद्धा नव्हती. या गोष्टीला आता चाळीसेक वर्षं होत आली.

दुकानाला शोरूम म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. पुढं फरशी, वर पत्रे, मागं दुरुस्तीची शेड आणि तिच्या बाजूला स्पेअर पार्टची एक बिनखिडकीची खोली. फरशीवर आठ-दहा गाड्या उभ्या असत, निम्म्या नव्या, निम्म्या कुणीतरी वापरून आणून सोडलेल्या. पाटीवर वरची ओळ उर्दू, खालची मराठी, आणि दोन्हींचा रंग सारखाच उडालेला. मालकांना अख्खं शहर चाचा म्हणायचं. त्यांचे वडील निजामाच्या काळात गुलमंडीवर सायकली भाड्यानं द्यायचे. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर ते दुकान उठलं, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी मुलानं इकडं फटफट्यांचा धंदा मांडला.

चाचांकडं गाडी बघायला गेलेला माणूस आधी बाकावर बसायचा. समोरच्या हॉटेलातून चहा यायचा. मग चौकशी सुरू व्हायची. गाव कोणतं, रस्ता खडीचा की डांबराचा, मागं कोण बसणार, काय वाहून नेणार. एका दूधवाल्याला चकचकीत, बारीक टाकीची नवी गाडी हवी होती. चाचा त्याला म्हणाले, "तेरेकू दूध ले जाना है क्या बारात?" आणि त्याच्या गळ्यात एक जुनी, दणकट, कॅन अडकवता येईल अशी गाडी मारली. तो वर्षभर शिव्या देत होता, नंतर स्वतःच्या भावाला घेऊन आला. गिऱ्हाइकाला महागाची वस्तू घेऊ न देणारा दुकानदार मी त्यानंतर पाहिला नाही.

चाचांची एक खोड मात्र सगळ्यात वेगळी होती. गाडी घ्यायला येताना घरातल्या बाईला आणावंच लागे. आई असेल तर आई, नसेल तर आजी किंवा बायको. हार घालून, कुंकू लावून, नारळ फुटला की चाचा किल्ली हातात धरून त्या बाईसमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "अम्मा, बोलो. गाडी देऊं क्या नक्को?" तिनं हो म्हटल्याशिवाय किल्ली सुटायची नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "गाडी बेटा चलाता. राह कौन देखती?" लोक याची गंमत करायचे. बाया पदरात हसत "द्या बाबा" म्हणायच्या. एकदा एका म्हातारीनं "लाल नको, हिरवी द्या" असं सांगितलं, तर चाचांनी खरोखर हार काढून हिरव्या गाडीला घातला, आणि नातू तोंड वाकडं करून हिरव्या गाडीवर घरी गेला.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आमचं गाव लासूर स्टेशनपासून आत, शेतीवाडीचं घर. आयटीआय करून मला वाळूजच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली होती. शेतातही हात लागायचा म्हणून मी गावीच राहावं, असं वडिलांचं म्हणणं होतं. पण शिफ्टची ड्युटी होती, दुसरी पाळी सुटायला रात्र व्हायची, त्या वेळी गावाकडं यायला काही मिळायचं नाही. साहेबांनी साफ सांगितलं होतं की स्वतःचं वाहन असेल तरच या. म्हणजे गाडी आली तर नोकरी, नाहीतर पुन्हा कापूस वेचणं. वडील तयार झाले. गावातल्या मित्राच्या गाडीवर मी दुपारी दुपारी शिकलो, लायसन काढलं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. माय गप्प होती. ती नेहमीच गप्प असायची, आणि आमच्या घरात तिचं गप्प बसणं म्हणजे हो, असंच धरलं जायचं.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या पॅसेंजरनं शहरात आलो. मायनं नवं लुगडं नेसलं होतं, हातात हळदकुंकवाचा करंडा. मी तर आदल्या रात्री झोपलोच नव्हतो. काळी गाडी पुसून पुढं काढून ठेवलेली होती. हार चढला, नारळ फुटला, वडिलांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी गाडीवर बसून आरशात स्वतःचं थोबाड बघत होतो. चाचा किल्ली घेऊन मायसमोर आले.

"अम्मा, बोलो. देऊं क्या नक्को?"

माय हातातल्या करंड्याकडंच बघत राहिली. बुजली असेल, असं मला वाटलं. चाचांनी पुन्हा विचारलं.

वडील म्हणाले, "द्या चाचा. ती काय सांगणार? द्या म्हणती."

"तुमकू नहीं पूछा, पाटील. अम्माकू पूछा."

मायनं मान वर केली आणि म्हणाली, "नका देऊ."

शेडमधला मिस्तरी आधी हसला. मग कुणीच हसत नाही हे बघून त्यानं पाना खाली ठेवला. वडिलांचा चेहरा लालबुंद झाला. "अगं काय बोलायलीस तू?" असं ते दबक्या आवाजात म्हणाले. मला तर असा संताप आला की काय सांगू. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, ही बाई चारचौघांत तोंड उघडते, आणि तेही माझ्या पोटावर पाय द्यायला!

"दिवस बुडाला की त्याला दिसत नाय," माय चाचांना म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. "रातांधळा हाय त्यो."

मी हसलो. खरंच हसलो. "कोण, मी? मला चांगलं दिसतंय की!" कारण मला खरोखरच ठाऊक नव्हतं. अंधारात कुणालाच दिसत नाही, अशी माझी समजूत होती. गावात वीज नावालाच. लोक अंधारात चालतात ते पायाच्या सवयीनं, आणि मी जरा वेंधळा म्हणून ठेचकाळतो, एवढंच मी धरून चाललो होतो. तुम्ही म्हणाल, बावीस वर्षांच्या घोड्याला एवढं कळू नये? नाही कळलं. दुसऱ्याला काय दिसतं, ते आपल्याला कुठं दिसतं?

पण वडील हसले नाहीत. ते मायकडं बघत म्हणाले, "ते तर बरं झालं व्हतं ना? कलेजी चारली व्हती दोन महिने. तूच म्हणलीस बरं झालं."

म्हणजे काहीतरी होतं! माझ्याबद्दलची एक गोष्ट हे दोघं माझ्यासमोर अशी बोलत होते, जशी गोठ्यातल्या वासराबद्दल बोलावी.

"बरं नव्हतं झालं," माय म्हणाली. "मी खोटं बोलले."

मग ती बोलत सुटली, पत्र्याखाली, चार परक्या माणसांसमोर, पदर दातात न धरता. तिच्या भावालाही हेच होतं. माझा हा मामा विहिरीत पडून गेला, एवढं मला माहीत होतं. दिवस मावळताना तो काठावरून चालत गेला आणि त्याला विहीर दिसलीच नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाच वर्षांचा असताना तिला माझा संशय आला. संध्याकाळी ती पाण्याचा तांब्या रोज वेगळ्या जागी ठेवायची आणि मी तो चाचपडत कसा शोधतो ते बघत बसायची. कलेजी चारून झाल्यावरही मी चाचपडतच होतो. पण तोवर घरात कुजबुज सुरू झाली होती, की हे आजोळचं रक्त आहे, हिनंच आणलं. तिला भीती वाटली की हे लोक तिला माहेरी धाडून देतील. म्हणून तिनं बरं झालं असं सांगून टाकलं, आणि पुढची सतरा वर्षं एकटीनं मला सांभाळलं.

कसं सांभाळलं, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि तोच घाव सगळ्यात वर्मी बसला. रोज दिवस कलला की माय मला हाक मारायची. "मला अंधाराचं लई भ्या वाटतंय रं. चल माझ्यासंगं, हात धर." गोठ्यात जायचं असो, मळ्यातून यायचं असो, कुणाच्या लग्नाहून परतायचं असो. मी छाती काढून तिचा हात धरायचो. आमची माय भित्री आहे, तिला माझ्याशिवाय अंधारात पाऊल टाकता येत नाही, असं मी मित्रांना फुशारक्या मारत सांगायचो. आयटीआयला शहरात राहिलो तेव्हा खोलीबाहेर दिवे होते, आणि अंधार पडल्यावर मी फारसा फिरलोच नाही. त्या वेळीसुद्धा मला तिचीच काळजी वाटायची, की आता तिला गोठ्यात कोण नेत असेल.

मी गाडीवरून उतरलो. "खोटं आहे," असं मी ओरडलो असेन. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आव बेटा. देख लेते." ते मला त्या बिनखिडकीच्या खोलीत घेऊन गेले. मागून आणखी कुणीतरी आलं, दार लागलं. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, आत मिट्ट काळोख. ऑइल आणि नव्या टायरांचा वास तेवढा येत होता.

"रुक जरा. आँखां बसने दे," चाचा म्हणाले. आम्ही बराच वेळ उभे राहिलो.

"अब बोल. क्या दिखता?"

"काहीच नाही. बल्ब लावा की."

चाचा हळूच म्हणाले, "झिरोका बल्ब लगेला है बेटा. कबका."

मी वर बघितलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुठंतरी एक तांबूस ठिपका होता, बस. बाकी सगळं काळं.

"तेरे सामने कौन खडा है?"

"कुणी नाही."

त्याच वेळी माझ्या तोंडासमोर कुणीतरी हुंदका दिला. हातभर अंतरावर. वडील होते. ते इतका वेळ माझ्या डोळ्यांत बघत उभे होते, आणि मी त्यांच्या आरपार बघत होतो.

त्या दिवशी चाचांनी स्वतः गाडीचा हार उतरवला आणि किल्ली खिशात टाकली. एक शब्दही उपदेश केला नाही. दुकान मिस्तरीवर सोडून ते आम्हाला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, रांगेत आमच्याबरोबर उभे राहिले. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून तपासलं आणि सांगितलं की हा पडद्याचा आजार आहे, यावर औषध नाही, हळूहळू नजर बाजूनं बंद होत जाईल. चाचांचं एक जुनं गिऱ्हाईक त्याच कारखान्यात सुपरवायझर होतं. आठवड्याच्या आत चाचांनी त्याला गाठून मला स्टोअरमध्ये दिवसपाळी मिळवून दिली. गेटसमोरच मी खोली घेतली आणि तीस वर्षं चालत कामावर गेलो. गाडी विकायला बसलेल्या माणसानं गाडी न विकता हे केलं. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं.

मायशी मी वर्षभर धड बोललो नाही. तिनं मला जगवलं हे कळत होतं, पण तिनं मला उल्लू बनवलं हेही डोक्यातून जात नव्हतं. पुढं राग निवळला. आता मला बांगडीतून बघावं एवढंच दिसतं, आणि हे मी मोठ्या अक्षरांत, एकेक ओळ चाचपत लिहितोय.

चाचा गेले तेव्हा माय बरीच थकली होती. मी गावी जाऊन तिला सांगितलं की चाचा गेले, पोरांनी दुकान मोडलं. ती म्हणाली, "लई भला माणूस व्हता." थोडा वेळ आम्ही त्यांच्याबद्दल बोललो. मग सहज, तिला बरं वाटावं म्हणून, मी विचारलं, "चाचांनी विचारलं नसतं, तरी तू सांगितलंच असतंस ना गं?"

उत्तर मला ठाऊकच होतं. ती हो म्हणणार होती.

मायनं बराच विचार केला. "नाय," ती म्हणाली.

"नाय म्हणजे?"

"गाडीला कुंकू लावलं असतं अन् घरी आले असते. तुमचं बापलेकांचं समदं ठरलं व्हतं. न विचारता मी कवा मधी बोलले?"

त्या महिन्यात मी मित्रांना विचारलं होतं, साहेबांना विचारलं होतं, मुहूर्तासाठी भटजींना विचारलं होतं. रोज दोन्ही वेळा ती माझ्यासमोर बसून मला भाकरी वाढत होती, आणि तिला मी एकदाही काही विचारलं नव्हतं.