दुर्बीणकाकूचे डोळे

दुर्बीणकाकू हे नाव मीच पाडलं, म्हणून त्या नावाचं पुढे काय झालं तेही मीच सांगणार. मध्ये बोलायचं नाही.

आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत. मी माशांसाठी मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवते, बाटल्या धुते. ती माशा सांभाळायची. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, त्या इवल्याशा फळमाशा. हसू नका! आमच्याकडे त्यांच्या सोयरिकी जुळवतात, आणि सगळी लग्नं हिच्या हातची. सूक्ष्मदर्शकाखाली माशा झोपवायच्या आणि रंगाच्या बारीक ब्रशने नर एकीकडे, माद्या एकीकडे करायच्या. तिचा ब्रश असा चालायचा की बघत राहावं. नवीन आलेली मुलं अडली की म्हणायची, "दुर्बीणकाकूंना दाखवा." मग ही मान जरा ताठ करून उठायची. घरी नवऱ्यालाही सांगायची की मला तिकडे काय म्हणतात ठाऊक आहे का. तो बिचारा रोज नव्याने ऐकायचा.

काम काय चालायचं ते माझ्या भाषेत सांगते. माशीचा पंख म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन पापुद्रे. पेशींनी एकमेकींना धरून राहायला डिंकासारखं काहीतरी लागतं, आणि ते बनवायचा हुकूम ठरावीक जनुकं देतात. डिंक कमी पडला की कोटाचं अस्तर सुटावं तसे पापुद्रे सुटतात, मध्ये पाणी भरतं आणि पंखाला फोड येतो. अंड्यातल्या पिल्लाचं तर त्याहून वाईट. त्याच्या पाठीच्या दोन्ही कडा सरकत येऊन मिटायच्या असतात. डिंक नसला तर पाठ उघडीच राहते आणि ते पिल्लू अंड्यातच मरतं. हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

आमच्याकडे एक संशोधक पोरगी होती. बोलायला लागली की थांबायची नाही, पण मनाने स्वच्छ. तिला वाटत होतं की डिंकाच्या जनुकाला आणखी एक जनुक मदत करतं. दोन्हींपैकी एकच अर्धं लुळं असेल तर पंख चांगला येतो. दोन्ही एकाच माशीत अर्धी लुळी पडली आणि फोड आला, तर दोघं मिळून काम करतात हे सिद्ध. त्यासाठी तिला फोडवाल्या बाटलीतल्या, म्हणजे डिंक कमी म्हणून जिथे सगळ्यांच्याच पंखांना फोड असतात तिथल्या, माद्या हव्या होत्या, पण कुमारी; त्यांना दुसरं जनुक लुळं असलेला नवरा द्यायचा होता. नुकती जन्मलेली माशी फिकट असते, पोटात काळा ठिपका दिसतो. तेव्हाच ती उचलायची. उशीर झाला की बाई त्याच बाटलीतल्या भावाशी जुळून मोकळी! मग तिला कुठलाही नवरा द्या, आधीची फोडवाली पोरं व्हायची ती होतातच.

काकूने माद्या वेचून दिल्या. पोरं जन्मली, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पंखांवर फोड. पोरगी नाचायचीच बाकी होती. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी तिला मोठ्या परिषदेत बोलायला पाठवलं.

आणि मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेने कळवलं की आम्ही हेच केलं, आम्हाला एकही फोड दिसला नाही.

मॅडम माशांच्या खोलीतच आल्या. मी खाण्याच्या नळ्या ठेवायला आले होते, काकू पलीकडच्या टेबलावर. मॅडमनी विचारलं, "कुमारी माद्या कोणी वेचल्या होत्या?"

"मीच," पोरगी म्हणाली.

साफ खोटं! मी काकूकडे पाहिलं. तिचा ब्रश थांबला होता.

"मग एक तर तुला वेचता येत नाही, नाहीतर हवं ते तू घडवून आणलंस," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या बैठकीत ठरवू तुला ठेवायचं की नाही."

त्या गेल्यावर पोरगी काकूजवळ आली. "तुमचं नाव मुद्दाम नाही घेतलं, दुर्बीणकाकू. तुमच्या हातून चूक होणं शक्यच नाही. माझंच काहीतरी चुकलं असेल."

आणि ही बया गप्प! मान खाली घालून माशा ढकलत बसली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी बाहेर पडली तशी मी म्हटलं, "सरक. बघू दे मला." सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिने कुमारी म्हणून बाजूला काढलेल्या ढिगात निम्म्या माशा चांगल्या तांबूस झालेल्या, ठिपक्याचा पत्ता नाही. पीठ ढवळण्यापलीकडे अक्कल नसलेल्या मला दिसत होतं.

"अगं, कधीपासून?"

"दिवा मंद आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. नुसत्या सवयीने वेचत होते."

"मग शस्त्रक्रिया करून घ्यायला काय धाड भरली होती?"

"सगळ्यांना कळलं असतं गं. दुर्बीणकाकूला दिसत नाही, म्हणून हसले असते."

खोटं कशाला बोलू, मला तिची कीव आली नाही. मी तिला वाट्टेल ते बोलले. एका नावापायी पोरीचा गळा कापशील का, इथपर्यंत बोलले. ती रडली नाही. पदराने चेहरा झाकून बसली आणि म्हणाली, "मला माझीच इतकी लाज वाटते ना, की घरी आरशात बघवत नाही."

बैठकीला ती न बोलावता गेली. दार उघडंच होतं. दारातच उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माद्या मी वेचल्या होत्या. मला दिसत नाही. पोरीचा काही दोष नाही." शब्द तेवढेच. हात तिने पाठीमागे घट्ट धरले होते.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचं होतं." पोरगी राहिली. तिने स्वतः माद्या वेचून सगळं पुन्हा केलं. एकाही पंखावर फोड आला नाही. तिचा शोध गेला, पण ती काकूला वाकडा शब्द बोलली नाही.

काकूला माझ्याकडे बाटल्या धुवायला दिलं. पहिल्याच दिवशी पोरगी दारात आली. बाटल्यांच्या टोपलीला हात लावत मऊ आवाजात म्हणाली, "जड आहे. राहू द्या, मी उचलते, काकू."

ती गेली. काकू नळ सोडून तशीच उभी. पाणी वाहत होतं. मी ओरडणार होते, पण तिचा चेहरा पाहिला.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "नुसतं काकू म्हणाली."