येरवड्याच्या पत्र्यावरचा किल्ला

तुमच्या बायकोचा पासपोर्ट कधी संपतो, सांगता? कपाटाकडे न जाता. तुमचा स्वतःचा सांगाल. गाडीचा एमओटी, म्हणजे वर्षाची तपासणी, कधी आहे तेही सांगाल. तिचा?

हरिदास ओव्हाळला सांगता आलं नाही. आणि हा साधासुधा गडी नव्हे. इंग्लंडात बेसिंगस्टोकच्या कारखान्यात बावीस वर्षं मशिनं टेस्ट केली, रिटायर झाला, आणि दर शनिवारी रीडिंगच्या कम्युनिटी हॉलमध्ये, बुद्धवंदना झाली की टेबल टाकून बसायचा. कुणाचा कौन्सिलचा फॉर्म, कुणाच्या सासूचा व्हिसा. लोक म्हणायचे, ओव्हाळसाहेबांनी कागद बघितला म्हणजे चिंता मिटली. ते ऐकलं की साहेबांची छाती दोन इंच फुगायची.

मुलगा विक्रांत, सून मनाली, नात दिया, तिघं ब्रिटिश पासपोर्टवाले. हरिदास आणि चंदाबाई मात्र भारतीयच राहिले. "राजाची शपथ मी घेणार नाही. आमच्या बापानं संविधान दिलंय," असं त्यानं ठणकावून सांगितलं होतं. दोघांच्या वतीनं. चंदाबाईला कुणी विचारलं नव्हतं. समतेवर तास-तासभर बोलणाऱ्या माणसाच्या ते ध्यानातही आलं नाही.

चंदाबाईनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एकदाच, गेल्या वर्षी. दिया फोनवर चित्रं दाखवत होती, आणि एका पांढऱ्या किल्ल्यावर चंदाबाईनं तिचा हात धरला.

"थांब! हा आमच्या घरात होता."

"आजी, हा जर्मनीमधला आहे."

"असेल. रंगाच्या दुकानाच्या कॅलेंडरवर होता. येरवड्याला आमच्या पत्र्याला भोक पडलं होतं, त्यावर मीच चिकटवला. बारा वर्षं बघितलाय. मला वाटायचं काश्मीर. एकदा खरा बघायचाय मला."

त्याच सुमाराला तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर डाग धरले. इंजेक्शनं झाली, डाग हटेनात. समोर बघितलं की मधोमध धुकं, कडेचं तेवढं दिसायचं, म्हणून ती माणसाकडे मान तिरकी करून बघायची. मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "काही बघायचं असेल तर या उन्हाळ्यात बघून घ्या."

ठरलं. ऑगस्टचा पहिला आठवडा, आपलीच गाडी. फोकस्टनला ट्रेनवर चढवायची, समुद्राखालून पलीकडे. मग रोथेनबुर्ग, तटबंदीचं गाव. मग आउग्सबुर्ग. मग फ्युसेन, आणि तिथून तो किल्ला.

हरिदास आधी कुरकुरला. "राजानं बांधला म्हणजे दगड गरिबांनीच वाहिले असणार. काय बघायचं?"

"माझ्या आईनं विटा वाहिल्या," चंदाबाई म्हणाली. "तिनं बांधलेल्या बिल्डिंगी मी मान वर करून बघतेच ना? हाही बघीन."

मग तोच सगळ्यांच्या पुढे. वाटेत कुठे थांबायचं, किल्ल्यावर चढ किती, घोडागाडी कुठून मिळते, सगळं त्यानं वहीत उतरवलं. एक गोष्ट सोडून.

जूनच्या शेवटच्या रविवारी, जेवणं झाल्यावर मनाली लॅपटॉप घेऊन बसली. "बाबा, तुमचे दोघांचे पासपोर्ट द्या. व्हिसाची अपॉइंटमेंट बघते. उशीरच झालाय."

"आत्ता आणतो," म्हणत तो वर गेला. घरातले सगळे कागद त्याच्या निळ्या फाईलमध्ये. बायकोचेही. तिनं ती फाईल कधी उघडलेली नव्हती.

खाली यायला त्याला फार वेळ लागला.

मनालीनं पासपोर्ट उघडले. त्याचा ठणठणीत. दुसरा तिनं दोनदा बघितला. "बाबा, आईंचा संपलाय. वीस महिने झाले."

"माझा रिन्यू केला तेव्हा हिचा दीड वर्ष शिल्लक होता," हरिदास म्हणाला. "म्हटलं, नंतर करू."

"लोकांच्या तारखा तुम्हाला तोंडपाठ असतात, बाबा!" विक्रांत ओरडलाच. "गायकवाडांच्या मेव्हण्याचा पासपोर्ट लक्षात राहतो तुमच्या!"

"अरे, ती कुठे जाते कधी..." हरिदास म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं.

मनाली बोटांवर मोजत होती. आधी नवा पासपोर्ट, मग अपॉइंटमेंट, मग व्हिसा. ऑगस्ट गेलाच. दियाची सुट्टी पुढची थेट ऑक्टोबरात.

"मग ऑक्टोबरात जाऊ," हरिदास घाईघाईनं म्हणाला. "गर्दीही कमी."

चंदाबाई रागावली असती, दोन शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं लॅपटॉप जवळ ओढला. "दिया, तो फोटो मोठा कर." मान तिरकी करून ती खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "टोकाला काय आहे गं? सांग तू."

नंतर सगळं रीतसर झालं. पासपोर्ट आला. अपॉइंटमेंट मिळाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिसाही लागला. त्याच आठवड्यात चंदाबाईनं चहा कपाच्या शेजारी ओतला, टेबलावरून पायावर सांडेपर्यंत तिला कळलं नाही.

हरिदासनं पासपोर्ट तिच्या हातात ठेवला. पहिल्यांदाच. "चंदा, व्हिसा आलाय. जाऊ या."

तिनं पानावरून अंगठा फिरवला, व्हिसाच्या कडेवर थांबवला. "अहो, आता तिथे जाऊन काय करू? तुम्ही जा. बघून या आणि मला सांगा."

कुणीच गेलं नाही. शनिवारचं ते टेबलही आता कोणी टाकत नाही. लोक घरी फोन करतात, साहेब आहेत का? चंदाबाई फोन उचलते आणि म्हणते, आहेत, पण बोलत नाहीत.

मला त्याची कीव येत नाही. मला राग येतो, आणि थोडा माझाही येतो, कारण फाईल आमच्याही घरात माझ्याच कपाटात होती. म्हणून हात जोडून सांगतो, हे वाचून झालं की उठा. तुमच्या घरातल्या बाईचा पासपोर्ट काढा, तारीख बघा, आणि तो परत तुमच्या फाईलमध्ये ठेवू नका. तिच्या हातात द्या. आज.